झरी, वालूर बोलायलंय

बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या वॉकीटॉकीवरून. बदली होऊन मी परभणीला आलो होतो, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत असं कळलं म्हणून फाटकाशी उभा होतो. कडी वाजवली तर एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ बाहेर आले. काही न बोलता त्यांनी माझ्या हातात एक काळा ठोकळा ठेवला आणि गच्चीकडे बोट दाखवलं.

ठोकळ्यातून बाईमाणसाचा आवाज आला. बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. मी बटण दाबल्या दाबल्या नाव सांगून टाकलं.

"अर्धंच आलं," आवाज म्हणाला. "श्वास थांबला न्हाईत तुमी. परत सांगा."

मी परत सांगितलं. कुठल्या कचेरीत आहे, घरी कोण कोण, आधी कुठं होतो, सगळं अंगणात उभं राहून त्या ठोकळ्याला सांगितलं. स्वतःचं बोलून झालं की त्या शेवटी "बोला" म्हणायच्या, म्हणजे आता माझी पाळी. खोल्यांचं ठरलं तेव्हा त्या जिना उतरून आल्या. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला आणि दोन्ही हात सांडग्यांच्या पिठानं भरलेले. गळ्यात तसलाच ठोकळा. त्याचं बटण त्या मनगटानं दाबत होत्या. गच्चीवरून ओरडणं मला आवडत न्हाई, एवढंच म्हणाल्या आणि नळावर हात धुवायला गेल्या.

बाई निवृत्त विज्ञान शिक्षिका. मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. गावातल्या कितीतरी सासवा, सुना, नर्सा त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे त्यांना नाव असं उरलंच नव्हतं. भाजीवालीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांच्या त्या 'बाई'. ठोकळा देणारे गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान, कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालेले अण्णा. अण्णा फार कमी बोलत. बाई बोलायला लागल्या की ते मान थोडी वाकडी करून ऐकत आणि मधेच कधीतरी एखादं वाक्य असं टाकत, की बाईंना थांबून विचार करावा लागे. त्या दोघांना आपसात भांडताना मी कधी ऐकलं नाही. गप्पा मारतानाही फारसं ऐकलं नाही.

राहायला आल्यावर आठवडाभरातच माझ्या बायकोच्या हातात एक सेट आला. बाई त्याला वॉकीटॉकी म्हणत नसत, सेट म्हणत. बायकोला सुरुवातीला ते सासुरवासासारखं वाटलं. ओट्याशी उभी असली की आवाज यायचा, "वरचा मजला, दूध उतू जायलंय तुमचं. वास यायलाय खाली. बोला." पण लेकीला ताप आला, मी दौऱ्यावर होतो आणि बायको घाबरून गेली, तेव्हा तिनं फक्त बटण दाबून "बाई" म्हटलं होतं. पुढचं वाक्य जुळवेपर्यंत बाई जिन्यात होत्या. त्यानंतर तो सेट तिनं देवघराच्या फळीवर ठेवला.

पण सेटचा खरा कारभार चालायचा सहलीत. बाईंचे दोन मुलगे. थोरल्याचं परभणीतच औषधाचं दुकान, धाकटा पुण्यात मोबाइलच्याच कुठल्याशा कंपनीत. दरवर्षी सुट्ट्या जुळवून सगळं कुटुंब दोन गाड्यांतून कुठंतरी जायचं. घरात राहता तर सहलीत बी यायचं, असा बाईंचा नियम असल्यामुळे आम्ही तिघंही त्यात. निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बैठक बसे आणि सेट वाटले जात. प्रत्येक सेटला गावाचं नाव होतं. बाईंचा सेट वालूर, ते त्यांचं माहेर. अण्णांचा झरी, ते त्यांचं गाव. थोरली सून राणीसावरगावची, म्हणून थोरल्याच्या गाडीचा सेट राणीसावरगाव. धाकटी सून पुण्याची, म्हणून चौथा सेट पुणे. थोरल्या सुनेनं एकदा सुचवलं, आई, नाव लय लांबय, नुसतं राणी म्हणू या. बाईंनी नाही म्हटलं. गाव जेवढं आहे तेवढं म्हणायचं, तेवढा दम धरता येत नसेल तर बोलणं फार महत्त्वाचं नाही असं समजायचं.

हे सगळं सुरू कसं झालं ते थोरल्यानं मला सांगितलं. आम्ही येण्यापूर्वी एका वर्षी माहूरला जाताना दोन गाड्यांची चुकामूक झाली. सगळ्यांच्या खिशात फोन होते. थोरल्यानं धाकट्याला सांगितलं, डावीकडच्या रस्त्यानं ये. धाकट्याच्या बायकोनं जावेला विचारलं, तर ती म्हणाली, आम्ही जेवायला थांबलोय. बाईंनी अण्णांना फोन केला, तो लागलाच नाही. दुपारी सगळे गडाच्या पायथ्याशी भेटले ते भांडतच. कोण कुणाला काय म्हणालं हे जो तो आपापल्या फोनवरून शपथेवर सांगत होता, आणि कुणीच खोटं बोलत नव्हतं. परत आल्यावर बाईंनी चौकशी केली. विनापरवाना वापरता येतील असे कमी ताकदीचे सेट मिळतात हे शोधून काढलं, मागवले, आणि पोरांना समोर बसवून सांगितलं, फोन म्हणजे एकाच्या कानात सांगणं. सहलीत कुणी कुणाच्या कानात सांगायचं नाही. जे बोलायचं ते सगळ्यांना एकदम ऐकू गेलं पाहिजे, आणि एक जण बोलत असताना बाकीच्यांनी गप बसलं पाहिजे.

धाकट्याला हे हास्यास्पद वाटायचं. त्याची नोकरीच ती. आई, आता जग कुठं गेलं, एका ग्रुपवर सगळ्यांना एकदम दिसतं, नकाशावर गाडी दिसते, असं तो दर सहलीत सांगायचा. बाई त्याला उडवून लावत नसत, ही त्यांची मला सगळ्यात नवल वाटणारी गोष्ट. त्या फोन हातात घेत, चष्मा कपाळावर सरकवत, नकाशा बघत, प्रश्न विचारत. टॉवर किती लांब असला तर चालतो, डोंगर मधे आला तर काय, बॅटरी किती. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देताना धाकट्याला घाम फुटायचा. शेवटी त्या म्हणायच्या, वस्तू लय चांगली हाय. पण ती दुसऱ्याच्या खांबावर उभी हाय. जिथं खांब हाय तिथं ती वापरू.

एक प्रसंग मी स्वतः पाहिला. त्या वर्षी मी बाईंच्या गाडीत होतो. वाटेत अचानक सेटवर थोरल्या सुनेचा आवाज यायला लागला. ती आमच्याशी बोलत नव्हती. सेट सीटच्या फटीत अडकून त्याचं बटण दबलं होतं, आणि ती नवऱ्याला मन मोकळं करून सांगत होती की ही सहल नाही, शाळा आहे. पहाटे उठवतात, अंघोळीच्या पाळ्या लावतात. मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, सुट्टीत आठ वाजता उठायचंय. मग आणखी काही, बाईंच्या स्वभावाबद्दल. बटण दबलेलं असताना मधे कुणालाच बोलता येत नाही, त्यामुळे ते सगळं ऐकावंच लागलं. गाडीतली मंडळी खिडकीबाहेर बघत होती. अण्णांनी डोळे मिटून घेतले. बाई सेट मांडीवर ठेवून अगदी लक्षपूर्वक ऐकत होत्या, जणू एखादी मुलगी फळ्यापाशी उभी राहून उत्तर सांगतेय.

गाडीला धक्का बसला आणि बटण सुटलं. बाईंनी सेट उचलला, एक श्वास थांबल्या.

"राणीसावरगाव, तुमचं बटण दबलेलं होतं. सगळ्यांना ऐकू आलं. मुद्दा बरोबर हाय. उद्यापासून आठला उठायचं. बोला."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "ऐकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज लवकर बाहेर आलो, तर बाई विश्रामगृहाच्या व्हरांड्यात अंघोळ करून, साडी नेसून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मी चहाचं विचारलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. कपबशीचा आवाज होईल. सगळे उठेपर्यंत त्या तशाच बसून होत्या. संध्याकाळी थोरली सून त्यांच्या केसांना तेल लावत होती आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या.

नंतर अण्णांचं विसरणं सुरू झालं. सुरुवातीला आम्हाला कळलंच नाही, कारण कमी बोलणाऱ्या माणसाचं काय हरवलंय ते लवकर दिसत नाही. मला ते जिन्यात भेटले की विचारत, तुमचं गाव कोणतं. मी सांगे. परत वर जाताना तेच विचारत. मी परत सांगे. मग एकदा ते दाढी करून येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. संध्याकाळी थोरल्याला बसस्टँडवर सापडले. झरीच्या गाडीची वाट बघत बसले होते. तिथं आता आपलं कुणी राहत नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

धाकटा पुण्याहून धावत आला. येताना अण्णांसाठी महागातला फोन घेऊन आला. तो खिशात असला की अण्णा कुठं आहेत ते पुण्यात बसूनसुद्धा दिसणार होतं. बाईंनी तो मनापासून घेतला. स्वतःच्या हातानं अण्णांच्या सगळ्या सदऱ्यांना बटणाचा खिसा शिवला आणि रोज सकाळी फोन त्यात घालून बटण लावायला लागल्या. गावात त्याचा उपयोगही झाला, दोनदा अण्णा त्या नकाशामुळेच लवकर सापडले.

पुढची सहल चिखलदऱ्याला ठरली. राखीपौर्णिमेला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. धाकट्याचं म्हणणं, आता एवढा फोन असताना अण्णांच्या गळ्यात सेट कशाला अडकवायचा, ओझं होतं त्यांना. आणि तो त्यांना वापरता तरी कुठं येतो? बटण दाबायचं त्यांना कळतच नाही आता. हे बाईंच्या समोर तो पहिल्यांदाच एवढ्या कडक आवाजात बोलला. बापाची काळजी माणसाला कडक करते.

बाईंनी त्याला अण्णांना फोन लावायला सांगितलं. तिथंच, अंगणात. अण्णांच्या खिशातला फोन वाजायला लागला. अण्णांनी तो काढला, निरखून बघितला आणि शेजारी बसलेल्या माझ्या हातात दिला. म्हणाले, तुमचा वाजायलाय. फोन वाजून वाजून थांबला. धाकटा खाली बघत होता.

"फोन त्यांनी उचलावा लागतो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सेट उचलावा लागत न्हाई. त्यांना काईच करायला नको. आपण बोललं की त्यांच्या छातीशी ऐकू येतं. मला तेवढंच पायजे. फोन बी राहू दे खिशात. पण सेट गळ्यात राहील."

सेटची जुनी दोरी अण्णांच्या मानेला टोचायची, म्हणून त्यांनी पांढऱ्या लोकरीची गोफासारखी दोरी विणली होती. ती त्यांनी अण्णांच्या गळ्यात घातली आणि आवाज मोठा करून ठेवला.

चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा धुकं होतं, पण ते सुखाचं होतं. पोरं धुक्यात लपाछपी खेळत होती. फोनला कुठंच रेंज नव्हती, हॉटेलच्या गच्चीवर मात्र एका कोपऱ्यात थोडी यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गाविलगडावर गेलो. किल्ला प्रचंड मोठा. आत तटबंद्या, पडक्या इमारती, पाण्याची तळी आणि सगळीकडे कमरेएवढं गवत. पहिल्या दरवाजापाशी पावसाची सर आली म्हणून सगळे कमानीखाली थांबलो. पोरांची डोकी पुसणं, छत्र्या उघडणं, भजी खायची की नाही यात थोडा वेळ गेला. सर थांबली तेव्हा अण्णा नव्हते.

पहिल्यांदा कुणी घाबरलं नाही. इथंच भिंतीआड गेले असतील म्हणून थोरला बघायला गेला. तो परत आला तेव्हा त्याच्यामागून धुकं आत आलं, दाट, दुधासारखं. पाच पावलांवरचा माणूस दिसेना. धाकट्यानं फोन काढला. नकाशावर अण्णांचा ठिपका हॉटेलवरच दिसत होता, सकाळी रेंज होती तिथं तो अडकला होता. धाकटा ते बघत राहिला. मग "अण्णा" म्हणून ओरडत धुक्यात पळत सुटला. थोरला दुसरीकडे पळाला. दोघांच्या हाका तटावर आपटून भलत्याच दिशांनी परत येत होत्या. थोरल्या सुनेनं माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. किल्ल्यात कडे होते, तळी होती, अस्वलं असतात असं खालच्या टपरीवाल्यानं सकाळीच सांगितलं होतं.

बाई तोवर एका दगडावर बसल्या होत्या. त्यांनी सेट तोंडाशी धरला.

"झरी, झरी, वालूर बोलायलंय. ऐकू येतंय का? बोला."

काही नाही. परत तेच. परत काही नाही. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. चष्म्यावर धुक्याचे थेंब जमले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मग त्यांनी दोन्ही मुलांना सेटवरून परत बोलावलं. पळू नका, चालत या, पाय घसरेल.

दोघं आल्यावर त्यांनी सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. सगळ्यांनी आपापले सेट बंद करायचे. कुणी हाक मारायची नाही. दोघादोघांनी वेगवेगळ्या बाजूंना जायचं, हळू, दर थोड्या वेळानं उभं राहून ऐकायचं. मी इथून बोलत राहते. माझा आवाज आता फक्त त्यांच्या सेटमधून येईल. जिकडून माझा आवाज येईल तिकडं ते आहेत.

धाकटा म्हणाला, "आई, सेट बंद केले तर सापडले हे तुला कळणार कसं?"

"न्हाई कळणार," बाई म्हणाल्या. "तुमी जा."

मी धाकट्याबरोबर गेलो. थोड्याच वेळात मागचा दरवाजा नाहीसा झाला, मग वाटही गेली. गवतावरून पाणी ठिबकत होतं. आम्ही थांबायचो, श्वास धरून ऐकायचो, पुढं जायचो. कुठंतरी माकड ओरडलं. धाकटा ओठ हलवत होता, बहुतेक देवाचं नाव घेत होता. किती वेळ असं चाललो ते मला सांगता येणार नाही. मग एका ठिकाणी मला वाटलं की लांबवर वर्ग चालू आहे. बंद दाराच्या वर्गाबाहेरून जाताना ऐकू येतो तसा एकसुरी आवाज. शब्द नाहीत, नुसता सूर. मी धाकट्याचा हात धरला. त्यालाही ऐकू आलं होतं.

आवाजाच्या मागं मागं गेलो तर गवत संपलं आणि पायऱ्या लागल्या. खाली पाणी होतं, तळं. शेवटून दुसऱ्या पायरीवर अण्णा बसले होते, पाठमोरे. पायातली चप्पल नीट काढून बाजूला ठेवलेली, पावलं पाण्यात. त्यांच्या छातीशी बाई बोलत होत्या.

धाकटा धावणार होता. मी त्याला आवरलं. अण्णा दचकून पुढं गेले असते. आम्ही एकेक पायरी उतरायला लागलो, आणि तेव्हा मला कळलं की तिथं एकट्या बाई बोलत नव्हत्या.

"…उठू नका. बसा तिथंच," बाईंचा आवाज म्हणत होता. तो वर्गातला आवाज नव्हता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "तुमाला मी झरीचं सांगते. मला नवी नोकरी लागली होती बघा. रोज एसटीनं परभणीला जायचं. तुमच्या आईंनी म्हणलं, सुनेनं एवढं रोज रोज जाऊ नये. तुमी तवा काईच बोलला न्हाईत. मला लय राग आला होता तुमचा."

"आला होता," अण्णा म्हणाले. पाण्याकडे बघत, अगदी सहज. त्यांचा हात सेटच्या जवळसुद्धा नव्हता.

"आन् दुसऱ्या दिवशी अंधारातच तुमी सायकल काढली. मला मागं बसवून फाट्यापर्यंत सोडलं. तिथून पुढं रोज. पावसात बी. तुमच्या कालव्याच्या कामाला उशीर व्हायचा. मी तुमाला कधी विचारलं न्हाई, का सोडायचे म्हणून."

"कुत्री होती," अण्णा म्हणाले. "फाट्यावर कुत्री लय होती."

"विचारायला पायजे होतं. राहून गेलं. शाळा, पोरं, पेपर तपासणं. तुमी मला शिकू दिलं, नोकरी करू दिली, असं लोकं म्हणतात तवा मला ते आवडत न्हाई. करू दिलं म्हणजे काय. पण सायकल तुमी चालवली, ते खरं हाय. ते मी कुणाला सांगितलं न्हाई. तुमाला बी न्हाई."

"सांगा की," अण्णा म्हणाले. "मी इथंच हाय."

धाकटा माझ्या शेजारच्या पायरीवर बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं. मी अण्णांच्या बाजूला जाऊन बसलो. ते माझ्याकडे बघून ओळखीचं हसले आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, ऐकू द्या म्हणून.

सेटचं बटण फार वेळ दाबून ठेवलं की सेट आपोआप थांबतो, म्हणून बाई मधून मधून बटण सोडत होत्या. पलीकडून काही येणार नाही हे माहीत असून त्या तेवढा वेळ थांबत, आणि पुन्हा सुरू करत. असा एक खंड पडला तेव्हा मी आमचा सेट चालू केला. एक श्वास थांबलो. "वालूर, पुणे बोलतंय. सापडले. तळ्याच्या पायऱ्यांवर आहेत. ठीक आहेत. बोला."

पलीकडून बाईंचा नेहमीचा आवाज आला, कोरडा, स्वच्छ. ऐकलं. तिथंच थांबा, आम्ही यायलोय.

त्या आल्या तेव्हा त्यांनी अण्णांचे पाय पदरानं पुसले, चपला पुढं केल्या आणि म्हणाल्या, पाय भिजवून घेतले की. अण्णा म्हणाले, गार होतं पाणी. तेवढंच. परतीच्या वाटेवर पोरं, सुना, सगळे एकमेकांना धरून चालत होते. मला मात्र त्या छोट्या बाईकडे बघायचंही धाडस होत नव्हतं. समोरून उत्तर येणार नाही, कुणी ऐकतंय की नाही कळणार नाही, माणूस जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही, आणि तरी आवाज न कापता इतका वेळ बोलत राहायचं. मी कितीतरी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली आहेत. बाई त्या धुक्यात जे बोलल्या, तसं बोलताना मी नंतर कुणाला ऐकलं नाही.

सेट की फोन हा वाद त्या घरात पुन्हा झाला नाही. पुढच्या सहलींत दोन्ही असत. धाकटाच आदल्या संध्याकाळी सेटच्या बॅटऱ्या तपासायचा.

अण्णा आणखी दोन हिवाळे होते. हळूहळू त्यांचं बोलणं पूर्ण थांबलं. बाई त्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलायच्या, वर आम्हाला आवाज यायचा. मग एका सकाळी ते झोपेतच गेले. मी त्या दिवशीचं पायऱ्यांवरचं बोलणं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. धाकट्यानंही काढलं नाही. ते दोघांचं होतं.

काही महिन्यांनी माझी बदली झाली. सामान बांधून झालं होतं, टेम्पो यायचा होता. बाई वर आल्या आणि मोकळ्या खोलीत एका ट्रंकेवर बसल्या. देवघराच्या फळीवरचा सेट बायकोनं त्यांना परत दिला तर त्यांनी तो तिच्या पिशवीत घातला. नव्या गावी कामाला येईल म्हणाल्या. बायको खाली गेल्यावर त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी तुम्ही जवळ पोचलात तेव्हा मी बोलतच होते. तुम्ही कुठून ऐकलं?

मी म्हटलं, झरीला असताना नोकरी लागली तिथपासून.

त्यांनी मान हलवली. "ते काई म्हणत होते का?"

मी म्हटलं, "म्हणत होते. तुमच्या वाक्यावाक्याला उत्तर देत होते."

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, हे मला आधी विचारता आलं असतं. पण ते होते तोवर त्यांनाच विचारीन असं रोज वाटायचं. सगळं सांगा. जसं म्हणाले तसं.

मी सांगितलं. 'आला होता' सांगितलं, 'सांगा की, मी इथंच हाय' सांगितलं. त्या एकेक वाक्य मनातल्या मनात परत म्हणत असाव्यात, त्यांचे ओठ हलत होते. मग मी सांगितलं की सायकलवरून का सोडायचे त्याचंही त्यांनी उत्तर दिलं. फाट्यावर कुत्री लय होती म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. खालून टेम्पोचा आवाज आला, कुणीतरी मला हाक मारली, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कुत्री कुठली," त्या म्हणाल्या. "एकच होतं फाट्यावर. तेबी आंधळं. आमी आलो की शेपूट हलवायचं."